मिक्सिंगचे सॉफ्टवेअर बदलावे की नाही, हे कसे ठरवावे

आषाढी एकादशी झाली की सोलापुरातल्या मिक्सिंगच्या, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन करणाऱ्या दुकानांत जरा उसंत मिळते. मुहूर्त थांबलेले असतात, उन्हाळ्यातल्या लग्नांचे शेवटचे पेनड्राइव्ह देऊन झालेले असतात आणि मग नवी पेठेत चहा घेताना एक विषय हमखास निघतो. अमक्याने एडियस सोडून डाविंची रिझॉल्व्ह घेतले, तमक्याने प्रीमिअर प्रो बंद करून फायनल कटसाठी मॅक आणला, मग आपण काय करायचे? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पडद्याकडे पाहून दिले जाते. मी स्वतः दोनदा सॉफ्टवेअर बदलले आहे. पहिल्या वेळी ते एका कार्यशाळेत दाखवलेल्या दोन मिनिटांच्या चित्रफितीवर भाळून, ऐन एप्रिलमध्ये बदलले. त्या हंगामातली चार लग्ने पावसाळ्यात पोहोचली आणि त्यांतल्या एका घराने उरलेले पैसे दिलेच नाहीत, ज्याबद्दल मला त्यांना आजही दोष देता येत नाही. दुसऱ्या वेळी जी रीत पाळली ती पुढे दिली आहे.

आधी वेळ कुठे जातो ते मोजावे

कळफलकाशेजारी एक साधी वही ठेवावी आणि लागोपाठच्या दहा कामांसाठी प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहावे: कार्डांवरून डेटा उतरवणे, कॅमेऱ्यांचे आवाज जुळवणे, शॉट निवडणे, कटिंग, रंग, नावे व शीर्षके, रेंडर (तयार व्हिडिओची फाइल काढणे) आणि शेवटी ग्राहकाने सांगितलेल्या दुरुस्त्या. हे कंटाळवाणे वाटते आणि तिसऱ्या दिवशी सोडून द्यावेसे वाटते. तरीही दहा कामे पूर्ण करावीत, कारण आपल्याला जिथे वेळ जातो असे वाटते तिथे तो बहुधा जात नसतो.

माझी खात्री होती की रंगाच्या कामात माझे दिवस जातात. वहीत निघाले ते वेगळेच. पूर्व भागातल्या एका पद्मशाली कुटुंबाच्या लग्नात नावे तेलुगूत हवी होती आणि ती तीनदा बदलावी लागली. एकदा आडनाव चुकले, एकदा मामांचे नाव राहिले, एकदा अक्षर बरोबर असूनही घरातल्या ज्येष्ठांना ते तसे लिहिणे पसंत नव्हते. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा रेंडर लावावे लागे. त्यावर उपाय नव्या सॉफ्टवेअरचा नव्हता, एका छापील तक्त्याचा होता, जो आता शूटिंगच्या दिवशीच घरच्या माणसाकडून त्याच्या हस्ताक्षरात भरून घेतला जातो. या एका कागदामुळे जितका वेळ वाचला तितका कोणत्याही नव्या आवृत्तीने आजवर वाचवलेला नाही.

वहीतला सर्वांत मोठा आकडा जर डेटा उतरवण्याचा, निवडीचा किंवा दुरुस्त्यांचा असेल, तर सॉफ्टवेअर बदलून हाती फारसे काही लागणार नाही. तो आकडा जर आवाज जुळवण्याचा, रंगाचा किंवा टाइमलाइन (शॉट ओळीने लावण्याची पट्टी) अडखळल्यामुळे वाया जाणाऱ्या वेळेचा असेल, तर पुढचा भाग वाचावा.

अडखळते ते सॉफ्टवेअर की फाइल?

सॉफ्टवेअर बदलू इच्छिणाऱ्या दहांपैकी बहुतेकांची तक्रार एकच असते, की प्लेबॅक अडकतो. ही तक्रार घेऊन आलेल्याला मी पहिल्यांदा कॅमेऱ्याची सेटिंग विचारतो. आजचे मिररलेस कॅमेरे एच.२६५ (फाइल लहान ठेवणारी साठवणीची पद्धत) मध्ये, १० बिट, ४:२:२ (म्हणजे रंगाची जास्त माहिती) असे चित्रण देतात, आणि चित्र सुरेख दिसते म्हणून आपण तीच सेटिंग लावून मोकळे होतो. या प्रकारात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बऱ्याच फ्रेममध्ये मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच नोंदलेले असते. जुन्या वहीखात्यात ओळीमागून ओळ 'वरीलप्रमाणे' लिहिलेले असावे आणि पन्नासाव्या ओळीचा अर्थ लावण्यासाठी वर वर जात राहावे लागावे, तशी संगणकाची गत होते. कटिंग करताना आपण सतत पुढे-मागे उड्या मारतो, त्यामुळे हा ताण आणखी वाढतो.

हे उलगडण्याचे काम प्रोसेसरमधल्या खास सर्किटने केले तर टाइमलाइन सुरळीत चालते, अन्यथा नाही. डेस्कटॉपवर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कोअर आय ५ आणि त्यावरच्या प्रोसेसरांतल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ४:२:२ एच.२६५ साठी ही सोय आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ती आरटीएक्स ५० मालिकेपासून आली, त्याआधीची महागडी कार्डेही या एका बाबतीत हतबल असतात. आता गंमत अशी, की संगणक जुळवून देणारा हजार-दोन हजार वाचवण्यासाठी ज्याच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर आहे असा प्रोसेसर सुचवतो, आणि त्या 'एफ'चा अर्थच अंगभूत ग्राफिक्स बंद असा असतो. मग मोठे ग्राफिक्स कार्ड असूनही लग्नाचे फुटेज अडखळते आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी बसतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे.

याच फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून पाहाव्यात. एडियस, प्रीमिअर, रिझॉल्व्ह आणि फायनल कट या चारही ठिकाणी ती सोय आहे. रात्री प्रॉक्सी लावून झोपावे आणि सकाळी त्यांवर कटिंग करावे. अंतिम रेंडर मूळ फाइलवरूनच होते. प्रॉक्सीवर काम सुरळीत झाले, तर अडचण फाइलच्या प्रकाराची होती हे सिद्ध झाले आणि तूर्त बदलाचे कारण उरले नाही. जागेचा हिशेबही याच वेळी करावा. १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने होणारे चित्रण तासाला ४५ जीबी होते, म्हणजे दोन कॅमेऱ्यांवर प्रत्येकी सहा तास चाललेले लग्न ५४० जीबी खाते; अशा वेळी हार्ड डिस्क भरत आली असेल किंवा फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवरूनच थेट कटिंग चालले असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर मंदच वाटणार.

पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिप हा आणखी एक वेगळा प्रकार आहे. मोबाइलचा फ्रेम-रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, चित्रण सुरू असताना कमीजास्त होत राहतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. अशा क्लिप आधी स्थिर फ्रेम-रेटमध्ये बदलून घ्याव्यात.

कोण कुणासाठी

या कार्यक्रमांचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे, स्वभाव त्यांच्या इतिहासावरून चांगले कळतात. डाविंची हे मुळात चित्रपटांच्या रंगकामाचे महागडे यंत्र होते. ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये ती कंपनी घेतली, पुढे कटिंग वाढवले, २०१७ मध्ये चौदाव्या आवृत्तीत ध्वनीचा आणि २०१८ मध्ये पंधराव्या आवृत्तीत फ्यूजनचा (इफेक्ट व ग्राफिक्सचा) विभाग आत आणला. रंग हा त्याचा पिंड आहे. एडियस विंडोजवरच चालते आणि निरनिराळ्या प्रकारच्या फाइली एकाच टाइमलाइनवर टाकून भराभर कापत सुटणे हे त्याचे बळ आहे, म्हणूनच आपल्याकडच्या लग्नांच्या धंद्यात ते इतके रुजले. प्रीमिअर घेतले की आफ्टर इफेक्ट्स आणि फोटोशॉपशी सलोखा मिळतो. फायनल कट फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते, त्यामुळे तो निर्णय सॉफ्टवेअरचा कमी आणि संपूर्ण संगणक बदलण्याचा अधिक असतो.

महिन्याला आठ-दहा लग्ने, ठरावीक तयार प्रोजेक्ट (इफेक्ट आधीच बसवलेले साचे), ठरावीक गाणी आणि दोन दिवसांत पेनड्राइव्ह अशी ज्याची घडी बसली आहे, त्याने एडियस सोडण्याचे कारण मला दिसत नाही, मग समोरच्या दुकानात काहीही लागलेले असो. याउलट अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी टॉवेल-चादरींच्या चित्रफिती करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे परदेशी खरेदीदार पडद्यावरचा रंग पाहून चौकशी करतो, आणि प्रत्यक्षात मरून रंगाचा असलेला टॉवेल फितीत लालसर दिसला तर कारखानदाराला उत्तरे देत बसावे लागते. तीन कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांशी नेमके जुळवणे हेच ज्याचे रोजचे काम आहे, त्याच्यासाठी रिझॉल्व्हकडे जाणे योग्य ठरते. माझा दुसरा बदल याच कारणासाठी झाला, आणि लग्नाची कामे मी तरीही बरेच दिवस जुन्याच ठिकाणी करीत राहिलो.

पैशांचा हिशेब

किमतीची तुलना पहिल्या महिन्याची करू नये, पाच वर्षांची करावी. ॲडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवले. तेव्हापासून प्रीमिअर भाड्याने मिळते आणि भाडे थांबले की कार्यक्रमही थांबतो. रिझॉल्व्हची एक आवृत्ती विनामूल्य आहे, तर स्टुडिओ आवृत्तीची कंपनीने ठेवलेली किंमत एकदाच २९५ डॉलर असून तिची परवान्याची किल्ली दोन संगणकांवर चालते. ब्लॅकमॅजिकच्या काही कॅमेऱ्यांसोबत ती मिळतेही. विनामूल्य आवृत्तीतून ३८४० बाय २१६० पर्यंतचे चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत काढता येते, जे लग्नासाठी पुरेसे आहे, परंतु चित्रातली खरखर घालवण्याचे साधन स्टुडिओतच आहे. संध्याकाळच्या हळदीचे अंधुक फुटेज ज्याच्याकडे सतत येते त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या कॅमेऱ्याची एच.२६५ फाइल विनामूल्य आवृत्तीत उघडते आणि सुरळीत चालते का, हेही पैसे देण्याआधीच पाहावे.

या किमतीत प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची जादा साधने) पुन्हा विकत घेणे, नवे प्रोजेक्ट बनवणे, हंगामाबाहेरचे शिकण्याचे दिवस आणि गरज पडल्यास नवे ग्राफिक्स कार्ड हेही धरावे. क्रॅक केलेल्या कार्यक्रमांविषयी एवढेच सांगतो, की ज्या संगणकावर दुसऱ्याच्या मुलीचे लग्न साठवलेले आहे त्यावर अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही. कायदा तर आहेच.

जुन्या कामाचे काय होईल

नवीन ठिकाणी जाणाऱ्याला वाटते की जुने प्रोजेक्ट तिकडे उघडतील. ते तसे उघडत नाहीत. एक्सएमएल किंवा एएएफ या मध्यस्थ फाइलींतून कट, क्लिपचा क्रम, ट्रॅक आणि साधे डिझॉल्व्ह (एक शॉट विरघळत दुसरा येणे) बहुतांशी जातात. ईडीएल ही तशीच मध्यस्थ फाइल त्याहून तोकडी, तीत एका व्हिडिओ ट्रॅकचे कट आणि डिझॉल्व्ह एवढाच काय तो हिशेब असतो. प्लगइनचे इफेक्ट, शीर्षके, रंगाचे काम आणि आवाजावरच्या प्रक्रिया मागे राहतात. लग्नाच्या तयार प्रोजेक्टांत तर सगळा जीव इफेक्टमध्येच असतो, तेव्हा तिथे नेण्यासारखे फार उरत नाही.

हे आपल्यावर दुसऱ्याकडूनही लादले जाऊ शकते. २०११ च्या जूनमध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्स आणले, तेव्हा आधीच्या फायनल कट ७ चे प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हते आणि अनेक कॅमेऱ्यांच्या संपादनाची सोय जानेवारी २०१२ मध्ये परतली. जगभरच्या व्यावसायिकांना तेव्हा कळले की आपले जुने काम कार्यक्रमाच्या मर्जीवर उभे आहे. म्हणून सॉफ्टवेअर बदलायचे असो वा नसो, प्रत्येक पूर्ण कामाची एक उत्तम दर्जाची अंतिम फाइल, एक नावे-शीर्षके नसलेली स्वच्छ फाइल आणि वापरलेल्या गाण्यांसह मूळ फुटेज वेगळ्या डिस्कवर ठेवावे.

रिझॉल्व्हकडे जाणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. तिथे प्रोजेक्टची फाइल आपण निवडलेल्या फोल्डरमध्ये पडत नाही, ती कार्यक्रमाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते, आणि हा डेटाबेस सहसा विंडोजच्याच ड्राइव्हवर असतो. एडियसच्या सवयीप्रमाणे 'सगळा डेटा डी ड्राइव्हवर आहे' असे समजून मी एकदा विंडोज नव्याने टाकायला सांगितले. फुटेज सगळे जागच्या जागी होते आणि सात दिवसांचे कटिंग नाहीसे झाले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी प्रोजेक्ट बाहेर निर्यात करणे आणि आठवड्याला पूर्ण डेटाबेसची प्रत घेणे हा दुकानाचा नियम आहे. तसेच तिथे प्रोजेक्टचा फ्रेम-रेट फुटेज आत घेण्यापूर्वीच २५ की ३० ते ठरवावा लागतो, मागाहून तो बदलता येत नाही.

अक्षरांची परीक्षा

इंग्रजी मार्गदर्शक लेखांत ही परीक्षा सापडत नाही, आणि आपल्याला तर ती पहिल्या दिवशीच घ्यावी लागते. नव्या कार्यक्रमात रिकामे शीर्षक उघडून युनिकोड फॉन्टमध्ये 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' लिहावे. पहिली वेलांटी 'च'च्या आधी न येता नंतर लटकली, तर तिथेच समजावे की अक्षरे जुळवणारे यंत्र देवनागरी नीट जाणत नाही. मग 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', 'ज्ञानेश्वर', 'लक्ष्मी' आणि 'वऱ्हाडी मंडळी' लिहावे. 'वऱ्हाडी'तला अर्धा र बहुतेकांची फजिती करतो. एकाच कार्यक्रमातली दोन शीर्षक-साधने याबाबत वेगवेगळी वागू शकतात, म्हणून साधी, सरकती आणि त्रिमितीय अशी सर्व शीर्षके तपासावीत. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या प्राधान्यांत जाऊन लेखनाचे यंत्र 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' असे निवडावे लागते. ते ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी कार्यक्रमालाच नावे ठेवली आहेत.

सोलापुरात एवढ्याने भागत नाही. हीच परीक्षा कन्नड आणि तेलुगूतही घ्यावी, आणि अक्षर बरोबर आले की नाही हे स्वतः न ठरवता ती भाषा वाचणाऱ्याला दाखवावे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये टाकला की त्याचा निव्वळ गोंधळ होतो, त्यामुळे जुन्या नावांच्या फाइली नव्याने टंकाव्या लागतील हे गृहीत धरावे.

प्रत्यक्ष चाचणी

आषाढी ते दसरा या काळात, सुरू असलेल्या कामावर नव्हे तर पोहोचवून झालेल्या एका जुन्या कामावर चाचणी घ्यावी. त्याला लागलेला वेळ वहीत आहेच. तेच काम नव्या कार्यक्रमात पहिल्या कार्डापासून शेवटच्या पेनड्राइव्हपर्यंत पुन्हा करावे. पहिल्या खेपेला दुप्पट वेळ लागेल आणि त्यावरून काहीही ठरवू नये. दुसरे काम करावे, मग तिसरे. तिसऱ्या कामाची वेळ जुन्या वेळेच्या जवळ आली असेल आणि चित्र डोळ्यांना स्पष्टपणे सरस दिसत असेल, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

फुटेज अवघड निवडावे. माझ्याकडे सिद्धेश्वर यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर होणाऱ्या अक्षता सोहळ्याचे तीन कॅमेऱ्यांचे चित्रण आहे, तेच मी प्रत्येक वेळी वापरतो. भर उन्हातल्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या, त्यांच्यामागे सावलीतली माणसे, उंच नंदीध्वज आणि सगळ्यांवर पसरलेला जयघोष. बाराबंदीच्या कापडाच्या चुण्या शिल्लक ठेवून चेहरे उजळवता येतात का, यात रंगाचे साधन उघडे पडते. आणि आवाजावरून तिन्ही कॅमेरे आपोआप जुळतात का, हे त्या गर्दीच्या गोंगाटात लगेच कळते.

एक गोष्ट पावसाळ्यातल्या चाचणीत कळत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तापलेला संगणक स्वतःचा वेग कमी करतो, आणि ऑगस्टमध्ये दोन तासांत झालेले रेंडर तेव्हा लांबते. ग्राफिक्स कार्डावर अधिक भार टाकणारा कार्यक्रम घेणार असाल, तर पंखे, खोलीतला कूलर आणि यूपीएसची क्षमता यांचा विचार आत्ताच करावा.

हात आणि माणसे

बोटांना झालेली सवय मोडण्याचा त्रास कुणी हिशेबात धरत नाही. रिझॉल्व्हमध्ये प्रीमिअर, फायनल कट आणि ॲव्हिडच्या धर्तीचे शॉर्टकट तयार मिळतात. इतर ठिकाणी ते हाताने बसवावेत. मी जुनेच शॉर्टकट ठेवण्याच्या मताचा आहे, जरी नव्या मुलांना ते मागासलेपणाचे वाटते. दुकानात ऑपरेटर असतील तर निर्णयापूर्वी त्यांना चाचणीला बसवावे, कारण रात्री अकरा वाजता टाइमलाइनसमोर तेच असतात. आपण बार्शीच्या किंवा पंढरपूरच्या मित्राकडे काम वाटून देत असाल, तर त्याच्याकडे काय आहे तेही विचारावे; दोन्हीकडे एकच कार्यक्रम असूनही आवृत्ती वेगळी असली, तर नव्या आवृत्तीतले प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

बदलायचे ठरलेच तर

तारीख ठरवावी आणि तुळशीच्या लग्नाच्या किमान महिनाभर आधीची ठरवावी. त्या तारखेआधी शूट झालेली सर्व कामे जुन्या कार्यक्रमात पूर्ण करावीत, नंतरची नव्यात. एकच लग्न अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे करू नये. पहिल्या दोन-तीन कामांसाठी ग्राहकाला नेहमीपेक्षा आठवडाभर पुढची तारीख द्यावी. हंगाम संपेपर्यंत नव्या कार्यक्रमाचे अपडेट घेऊ नयेत.

जुना संगणक विकू नये. त्याचे इंटरनेट काढावे, जुना कार्यक्रम परवान्यासह तसाच राहू द्यावा, आणि कार्यक्रमाला अधूनमधून ऑनलाइन पडताळणी लागत असेल तर तेवढ्यापुरतीच जोडणी द्यावी. लोक वर्षांनी परत येतात. कुणाचे आजोबा गेलेले असतात आणि लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या तेवढाच तुकडा हवा असतो, कुणाला जुन्या नावातली चूक आता सुधारून हवी असते. आमच्या दुकानात तो संगणक कोपऱ्यात आहे, त्याच्या डब्यावर कोणत्या वर्षापर्यंतची लग्ने आत आहेत त्याची पट्टी चिकटवली आहे, आणि दर अमावास्येला, दुकान तसेही बंद असते म्हणून, तो सुरू करून एखादे जुने प्रोजेक्ट उघडते की नाही ते पाहिले जाते.